वणांचे खड्डे आणि लेझरची टाकी

पाट्याला टाकी लावताना पाथरवट दगडाचा सगळा पृष्ठभाग तासून काढीत नाही. छिन्नीने तो बारीक बारीक टिंबे ठोकत जातो आणि दोन टिंबांच्या मधला दगड जसाच्या तसा ठेवतो. मुरूम किंवा कांजिण्या यांनी चेहऱ्यावर मागे ठेवलेले खोलगट वण कमी करण्यासाठी वापरली जाणारी फ्रॅक्शनल लेझरची पद्धत बरीचशी अशीच आहे. फरक एवढाच की दगडाची जखम भरत नाही, त्वचेची भरते, आणि या उपचाराची सगळी मदार दोन टिंबांमधल्या त्या न दुखावलेल्या त्वचेवर असते.

आधी वण आणि डाग यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण दवाखान्यात येणाऱ्या अनेकांच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. मुरूम बसल्यावर उरणारा लालसर किंवा काळपट डाग हा रंगातला बदल असतो आणि तो बहुधा काही महिन्यांत आपोआप फिका होतो. वण हा आकारातला बदल असतो. केसाच्या मुळाशी आणि तैलग्रंथीपाशी सुरू झालेला दाह खाली अंतस्त्वचेपर्यंत पोहोचला, की त्वचेला भरीवपणा देणारे कोलॅजेनचे तंतू नष्ट होतात. त्यांची भरपाई अपुरी झाली तर पृष्ठभाग खाली बसतो, तर कधी दुरुस्तीच्या वेळी तयार झालेले ताठर तंतू त्वचेला आतून खाली ओढून धरतात. असा खड्डा कोणत्याही मलमाने वर येत नाही. देवी रोगातून बचावलेल्या, आता आजी-आजोबांच्या वयाच्या लोकांच्या चेहऱ्यांवरचे वण जन्मभर टिकले ते यामुळेच.

या उपचारात सर्वाधिक वापरले जाणारे एक यंत्र म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर, आणि त्याच्या जन्माशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. बारामतीत 1938 साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हे लेझर शोधून काढले. त्याच्या किरणांची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर असते, म्हणजे ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पाणी त्यांना फार चांगले शोषून घेते. त्वचेत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे किरण पडताच त्या जागेच्या पेशींतल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, पेशी उडून जातात आणि आजूबाजूला उष्णतेची एक पातळ कड उरते.

1990 च्या दशकात याच लेझरने संपूर्ण चेहऱ्याचा वरचा थर काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. परिणाम उत्तम येत, पण त्याची किंमतही मोठी होती. चेहरा पंधरवडाभर ओलसर जखमेसारखा राही, लाली महिनोन्‌महिने हटत नसे आणि काहींच्या त्वचेचा रंग बऱ्याच काळाने, कायमचा उडत असे. सावळ्या त्वचेसाठी तर ही पद्धत जोखमीचीच होती. सगळी बाह्यत्वचा एकदम गेल्यावर नव्या पेशी येणार कुठून, हा मूळ प्रश्न होता. केसांच्या मुळांशी दडलेल्या मूळ पेशी वर सरकून पृष्ठभाग झाकत, पण त्याला वेळ लागे.

2004 साली बोस्टनमध्ये डीटर मान्श्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला बगल देणारी कल्पना मांडली: सगळी त्वचा जाळायचीच नाही. फ्रॅक्शनल म्हणजे अंशतः, तुकड्यातुकड्याने. किरणांचा झोत मिलिमीटरच्या एकदशांशाच्या आसपास रुंदीच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या जाडीच्या, उभ्या स्तंभांत विभागला जातो आणि यंत्र ते स्तंभ ठरावीक अंतरावर उमटवत जाते. एका बैठकीत त्वचेचा अगदी थोडा भाग, बहुधा 5 ते 20 टक्के, दुखावला जातो आणि उरलेला शाबूत राहतो. प्रत्येक सूक्ष्म जखमेला चारही बाजूंनी निरोगी शेजार असल्यामुळे पेशींना मिलिमीटरचा काही अंशच सरकावे लागते आणि एरवी आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांत उरकते. ही पहिली मांडणी 1,500 नॅनोमीटरच्या आसपासच्या, त्वचेला आतून भाजणाऱ्या पण वरचा थर न उडवणाऱ्या लेझरसाठी होती. पुढे हीच युक्ती कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम लेझरलाही लावण्यात आली.

लेझर खड्डा भरत नाही. ते फक्त मोजूनमापून जखम करते. खोल स्तंभाभोवती तापलेल्या अंतस्त्वचेत आधी जुने, वेडेवाकडे कोलॅजेन मोडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात, मग तंतुपेशी नवे कोलॅजेन विणू लागतात आणि त्याची फेररचना तीन ते सहा महिने चालू राहते. म्हणून बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, बहुधा तीन ते पाच वेळा घेतात. पहिल्या आठवड्यात दिसणारा गुळगुळीतपणा बराचसा सुजेचा असतो, हे दवाखान्यांच्या जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

प्रत्येक खड्ड्याला लेझर सारखेच लागू पडते असेही नाही. उथळ, उभ्या कडांचे, पेटीसारखे वण त्याला चांगली दाद देतात. दाभणाने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल वण फारशी देत नाहीत, आणि तिथे तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब काडीने आत टेकवणे किंवा तो भाग कापून टाका घालणे अधिक उपयोगी ठरते. लाटांसारखे पसरट वण खालून बांधलेले असतात, त्यामुळे त्वचेखाली सुई घालून ते तंतू आधी सोडवावे लागतात. एकाच चेहऱ्यावर हे तिन्ही प्रकार नांदत असतात. म्हणून वण न तपासता फक्त बैठकांचे पॅकेज सांगणाऱ्याकडे जाऊ नये, असे मला वाटते.

आपल्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेबाबत एक बाब दिलासा देणारी आहे. हे लेझर रंगद्रव्याला नव्हे, पाण्याला लक्ष्य करते. तरीही जखमेच्या दाहाने रंगपेशी चेतवल्या जातात आणि काही आठवड्यांत काळसर डाग उमटू शकतात. हा धोका स्तंभ किती खोल आहेत यापेक्षा ते किती दाट आहेत यावर अधिक अवलंबून असतो, कारण दाटी वाढली की मधली शाबूत त्वचाही तापते. जाणकार त्वचारोगतज्ज्ञ म्हणूनच दाटी कमी ठेवून बैठका वाढवतात आणि उन्हापासून कडक जपायला सांगतात.

प्रत्यक्षात बधिर करणारे मलम तासभर लावून ठेवतात, डोळ्यांवर संरक्षक झाकणे चढवतात, आणि मग गरम टोचण्यांचा अनुभव येतो. त्यानंतर काही दिवस चेहरा लाल आणि पॉलिश पेपरसारखा खरखरीत राहतो व बारीक खपल्या धरतात, त्या नखाने काढू नयेत. ओठांवर नागीणसदृश फोड वारंवार येत असतील, वण फुगीर होण्याची प्रवृत्ती असेल, किंवा मुरूम अजून येत असतील, तर ते आधी सांगायला हवे. चालू मुरमांवर उपचार न करता वणांवर लेझर मारले, तर जुने खड्डे भरत असतानाच शेजारी नवे पडत राहतात.

फरक पडला की नाही हे आरशासमोरच्या दिव्यात कळत नाही, कारण समोरून येणारा प्रकाश खड्ड्यांची सावली पुसून टाकतो. उपचारापूर्वी प्रकाश एका बाजूने तिरका पाडून छायाचित्र घ्यावे, शेवटच्या बैठकीनंतर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच दिव्यात दुसरे घ्यावे, आणि दोन्हींतल्या सावल्यांची लांबी ताडून पाहावी.