तेहतिसाव्या वर्षी लिगामेंट तुटलं, मग टीममधल्या जागेचं काय?

१ ऑक्टोबर २०१६ ला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर वेस्टर्न बुलडॉग्जनी सिडनी स्वान्सला २२ पॉइंटनी हरवलं आणि १९५४ नंतर पहिल्यांदा एएफएलची (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची तिकडची सगळ्यात मोठी लीग) प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, जिंकली, आणि या टीमचा कॅप्टन बॉब मर्फी त्या मॅचमध्ये खेळलाच नाही. एप्रिलमध्ये, सीझनच्या तिसऱ्याच राउंडला, हॉथॉर्नविरुद्धच्या मॅचमध्ये त्याच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारी पट्टी) तुटलं होतं. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि २९५ मॅचेस खेळून झाल्या होत्या. फायनलचं मेडल फक्त त्या दिवशी खेळलेल्या २२ जणांना मिळायचं. कोच ल्यूक बेव्हरिजनी मर्फीला स्टेजवर बोलावलं आणि कोच म्हणून मिळालेलं स्वतःचं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं (मर्फीने नंतर ते परत केलं). मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा बघितलाय आणि दरवेळी घसा दाटून येतो.

पण मला लिहायचंय ते गुडघ्याबद्दल. कारण असा म्हातारा खेळाडू (तेहतीस म्हणजे म्हातारा, खेळात असंच असतं) जखमी झाला की सगळे लगेच वयावर बोट ठेवतात, आता काय शरीर साथ देणार, हाडं जुनी झाली वगैरे. आणि एसीएलच्या बाबतीत तरी हे बरंचसं चुकीचं आहे.

आधी खेळ थोडक्यात. ऑस्ट्रेलियन रूल्स, तिकडचे लोक नुसतं फुटी म्हणतात. क्रिकेटच्याच लंबगोल ग्राउंडवर, एका बाजूला एका वेळी १८ जण (बाकीचे बदली), बॉल रग्बीसारखा, वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर पण घड्याळ मधेमधे थांबवतात म्हणून प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. ऑफसाइड नाही, म्हणजे समोरून, मागून, बाजूने, कुठूनही कोणी येऊन आदळू शकतो. एका मॅचमध्ये बरेच खेळाडू १२-१३ किलोमीटर धावतात, त्यात सारखं वळायचं, थांबायचं, उंच उडी मारून हवेत बॉल पकडायचा आणि मिळेल त्या पायावर खाली यायचं. गुडघ्यासाठी यापेक्षा वाईट खेळ शोधायचा तर शोधावाच लागेल.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरकी जाणारी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीची पट्टी. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा आतल्या आत पिळला जाऊ नये हे तिचं काम. किती ताण सहन करते? १९९१ साली अमेरिकेत मृत व्यक्तींच्या गुडघ्यांवर हे मोजलं गेलं, आणि २२ ते ३५ वयोगटात सरासरी २१६० न्यूटन निघालं, म्हणजे साधारण २२० किलो वजन टांगल्याएवढं. चाळिशीत ते १५०० च्या आसपास येतं, साठीनंतर साडेसहाशे. बावीस आणि पस्तीस एकाच गटात आहेत हे बघा, घसरण दिसते ती त्याच्या पुढे. मर्फीचं लिगामेंट म्हातारं झालं म्हणून तुटलं असं या आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही.

मग तुटतं कसं? बहुतेक वेळा कोणी न आदळता तुटतं. पाय टेकतो, गुडघा जवळपास सरळ असतो, शरीराचं वजन एका बाजूला जातं आणि मांडीचं हाड नडगीवर फिरतं. व्हिडिओवरून केलेल्या अभ्यासात दिसलंय की पाय जमिनीला लागल्यावर साधारण ४० मिलिसेकंदात खेळ संपलेला असतो. एका सेकंदाचा पंचविसावा भाग, आणि मेंदूला काही कळून स्नायूंना ऑर्डर जाईपर्यंत याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणजे वीस वर्षांचा पोरगा असो की तेहतिशीचा कॅप्टन, त्या क्षणी कोणीच स्वतःला वाचवू शकत नाही. एएफएलमधल्या दुखापतींचा अनेक वर्षं हिशोब ठेवणाऱ्या डॉक्टर जॉन ऑर्चर्ड यांनी तर गवताचा संबंध दाखवलाय. कूच नावाच्या गवतावर (ती आपली हरळीच, तीच वनस्पती) बुटाचे खिळे जास्त घट्ट अडकतात, राय गवतावर पाय थोडा सरकतो आणि गुडघा वाचतो. सीझनच्या सुरुवातीला, ग्राउंड कोरडं आणि कडक असताना, एसीएल जास्त तुटतात हेही त्यांच्या नोंदींमधून पुढे आलं.

आता ऑपरेशन. तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत नाहीत, त्याच्या जागी स्वतःच्याच शरीरातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवतात, बऱ्याचदा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधला. हाडात भोकं पाडून, ताणून, स्क्रू किंवा बटणाने अडकवतात. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात थक्क करते. बसवलेला टेंडन आधी मरतो. त्याचा रक्तपुरवठा तोडलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत त्यातल्या बहुतेक पेशी जातात आणि उरतो तो नुसता कोलॅजनचा, म्हणजे धाग्यांसारख्या प्रथिनाचा, सांगाडा. कारल्याच्या वेलाला मांडव घालतात तसा हा मांडव, ज्याच्यावर हळूहळू नव्या रक्तवाहिन्या चढतात, नव्या पेशी येतात, जुने धागे काढून नवे विणतात, आणि हे काम वर्षभर, कधीकधी दोन वर्षं चालतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की ग्राफ्ट (म्हणजे हा बसवलेला टेंडन) सगळ्यात कमजोर असतो तो ऑपरेशनच्या दिवशी नाही तर त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी. नेमकं तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, माणूस जिना चढउतर करायला लागलेला असतो आणि त्याला वाटतं झालं आपण बरे. फिजिओ लोकांची खरी परीक्षा या काळात असते, खेळाडूला धावायला लावणं सोपं, थांबवून ठेवणं अवघड.

किती थांबवायचं? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ जणांच्या अभ्यासात (२०१६ मध्येच छापून आला) असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचा धोका जवळपास निम्मा होत गेला. एप्रिलमध्ये गुडघा गेला, ऑक्टोबरमध्ये फायनल. सहा महिने! मर्फी फायनलपर्यंत फिट होईल का हा प्रश्नच नव्हता, तो पंचविशीत असता तरी झाला नसता.

आणि वयाचं म्हणाल तर आकडे उलटेच आहेत. मेलबर्नमधल्याच केट वेबस्टर आणि ज्युलियन फेलर यांनी ५६१ पेशंट तपासले, तर विशीच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी २९ टक्क्यांचं एसीएल पुन्हा तुटलं, त्या नाहीतर दुसऱ्या गुडघ्याचं. मोठ्या वयाच्या लोकांमध्ये हे प्रमाण बरंच कमी. कारण काय यावर वाद आहेत, तरुण लोक जास्त धोक्याच्या खेळाकडे परत जातात हा एक भाग आहेच, तरीपण एवढं नक्की की म्हाताऱ्याचा ग्राफ्ट आधी तुटतो हे खरं नाही. सिडनीचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ ची प्रीमियरशिप जिंकला तेव्हा वीस वर्षांचा होता, नंतर एकाच गुडघ्यावर ऑपरेशनमागून ऑपरेशन, सहा वर्षांनी २०१८ मध्ये परत आला, आणि दुसऱ्याच मॅचला दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल गेलं. हे वाचताना सुद्धा त्रास होतो.

म्हणजे तेहतिशीतल्या माणसाचा प्रॉब्लेम पेशींचा नाही, कॅलेंडरचा आहे. वीस वर्षांच्या मुलाचं एक वर्ष गेलं तर त्याच्याकडे दहा उरतात, याच्याकडे एक, फार तर दोन. जखम तेवढीच, बरं व्हायला लागणारा वेळ तेवढाच, पण उरलेल्या करिअरमधला हिस्सा मात्र कुठच्या कुठे. आणि तेवढ्यात टीम थांबत नाही, त्या जागेवर कोणीतरी पोरगा येतो, चांगला खेळतो, त्याला काढायचं कसं? २०१६ मध्ये ईस्टन वूडने कॅप्टन्सी सांभाळली आणि टीम सातव्या नंबरवरून थेट कप जिंकली.

कोणतं लिगामेंट तुटतं याच्यावरही नशीब अवलंबून असतं. २०१२ च्या फायनलमध्ये स्वान्सचा अ‍ॅडम गुड्स, वय ३२, त्याचं पीसीएल गेलं, म्हणजे एसीएलच्या मागचं, आणि तो तसाच खेळत राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोलही मारला. पीसीएल नडगीला मागे सरकू देत नाही, आणि ते काम मांडीचा पुढचा जाडजूड स्नायू नडगी पुढे ओढून थोडंफार करू शकतो. एसीएल गेल्यावर नेमका तोच स्नायू नडगीला नको त्या दिशेला ओढतो. गुड्सचं धैर्य मोठंच, पण एसीएल गेलेल्याने तसं करायचं म्हटलं तर पहिल्याच वळणावर गुडघा निसटण्याची भीती.

अलीकडे ऑस्ट्रेलियातच एक नवीन गोष्ट चालू झालीय. गुडघा चार आठवडे ९० अंशात वाकवून ब्रेसमध्ये बंद ठेवायचा, म्हणजे तुटलेली टोकं जवळ राहतात, आणि मग हळूहळू सरळ करत जायचं. २०२३ मध्ये ८० जणांचे रिझल्ट आले, तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये ९० टक्क्यांत लिगामेंट जुळताना दिसलं. एसीएल स्वतःहून जुळतच नाही असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं त्याला हा मोठा धक्का आहे. काही जणांचं पुन्हा तुटलंही, आणि ऑपरेशनशी थेट तुलना केलेली नव्हती, त्यामुळे लगेच नाचायला नको. आणि खेळाडूसाठी वेळ तिथेही वाचत नाही, मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष धरूनच चालायचं.

मर्फी २०१७ मध्ये परत आला, त्याच वर्षी ३०० वी मॅच खेळला, आणि सीझन संपल्यावर ३१२ मॅचेसवर रिटायर झाला. याआधी २००६ मध्येही त्याचं एसीएल गेलं होतं, म्हणजे दोनदा एवढ्या लांबून परत येणं.

पण गुडघा बरा झाला की जागा पक्की होते असंही नाही, कारण पुढची भीती हॅमस्ट्रिंगची. एएफएलमध्ये सगळ्यात जास्त होणारी दुखापत तीच, आणि इथे मात्र वय खरंच मधे येतं: वय जास्त, आधी दुखापत झालेली, की धोका वाढतो. त्यात ग्राफ्टसाठी टेंडन तिथूनच काढलेला असेल तर आणखी भर पडू शकते. डेव्हिड ओपार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएफएलच्या दोनशेहून जास्त खेळाडूंची ताकद मोजली. खेळाडू गादीवर गुडघे टेकून बसतो, दोन्ही घोटे मागे हुकमध्ये अडकवलेले, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ ठेवून तो हळूहळू पुढे झुकतो, जमेल तितकं रोखून धरतो, शेवटी हातांवर पडतो. तेवढ्यात हुकमधले सेन्सर दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा दाखवतात. प्री-सीझनच्या सुरुवातीला २५६ न्यूटनच्या खाली असलेल्यांना त्या वर्षी हॅमस्ट्रिंगची दुखापत होण्याचा धोका २.७ पट निघाला. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे, वय जास्त असलं किंवा आधी दुखापत झालेली असली तरी ज्यांचा जोर चांगला होता त्यांचा धोका खाली आला. वय बदलता येत नाही, हा आकडा बदलता येतो.

पुढे झुकण्याचा हाच प्रकार व्यायाम म्हणून करायला कसलं मशीनसुद्धा लागत नाही. तिशी-पस्तिशीतले जे लोक रविवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या टर्फवर फुटबॉल खेळतात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा गुडघ्याखाली उशी घेऊन, मित्राला घोटे धरायला लावून, पाच-पाचचे दोन सेट करावेत, आधी दुखापत झाली असेल तर फिजिओला विचारूनच. पहिल्या आठवड्यात मांडीची मागची बाजू चांगलीच ठणकते, दोन-तीन आठवड्यांत ते कमी होतं.