टोकनच्या पैशांची साठ वर्षं

रविवारी सकाळी पुण्याजवळ ताथवडे, वाघोली नाहीतर उंड्रीला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब दुपारी टोकन देऊनच घरी परततं. हातात एक पावती असते. साठेखत नोंदलं जाईपर्यंत खरेदीदाराला त्या पावतीचाच काय तो आधार, आणि आगाऊ रकमेबाबतचे आपले कायदे मुख्यतः या मधल्या काळासाठीच झाले आहेत.

हे सगळं रेरापासून, म्हणजे केंद्राच्या २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्यापासून सुरू झालं, असा समज आहे. तसं नाही. ओनरशिपच्या फ्लॅटविक्रीतले गैरप्रकार तपासायला राज्य सरकारने २० मे १९६० ला समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्र राज्य जेमतेम वीस दिवसांचं होतं. जून १९६१ मध्ये अहवाल आला. पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला, पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पडले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण वाड्यातून ब्लॉकमध्ये जाणारं पुणं आणि त्याला लागणारा कायदा एकाच सुमाराला घडत होते, एवढं खरं.

तो कायदा म्हणजे १९६३ चा मोफा, अर्थात महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा. आज वाचला तरी नवल वाटतं. आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवा, अशी सक्ती त्यात आहे. नंतर ही रक्कम किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त नको, अशी मर्यादाही आली. ग्राहकाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि बिल्डरने त्याचा 'विश्वस्त' म्हणून वागायचं. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर ९ टक्के व्याजासह परतफेड. उल्लंघन केलं तर तुरुंगवासही.

मग अडलं कुठे? ते वेगळं खातं खरोखर आहे का, हे बघायला कुणी नेमलेलंच नव्हतं. ज्याचे पैसे अडकले त्यानेच वकील गाठायचा, पोलिसांत जायचं, दिवाणी कोर्टाच्या तारखा मोजायच्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने थोडी जवळची वाट दाखवली. १९९३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन घरबांधणी 'सेवा' ठरली आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. तरी ही दाद नुकसान झाल्यावर मागायची होती.

१ मे २०१७ पासून रेरा पूर्णपणे लागू झाला. महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्पाची नोंदणी नसेल तर जाहिरातही करता येत नाही, मग बुकिंग लांबच. नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. मिळालेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात जातात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्यांशिवाय निघत नाहीत. माझ्या मते खरा बदल हाच. मोफाचा विश्वस्त आपल्या शब्दावर चालत होता, रेराच्या खात्याला तीन सह्या लागतात. अर्थात या ७० टक्क्यांत जमिनीची किंमतही धरलेली आहे, त्यामुळे हा सगळा पैसा विटा-सिमेंटसाठीच राखलेला असतो असं समजू नये.

वसुली मात्र अजून रखडते. परताव्याचा आदेश बिल्डरने पाळला नाही तर महारेरा वसुलीचं वॉरंट काढतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसूल व्हायची असते. म्हणजे शेवटी फाइल तहसीलदारांच्या टेबलावर.

५०० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे. पेठांतला एखाद्या वाड्याचा छोटा पुनर्विकास किंवा गावठाणातली इमारत त्यात सहज बसते. तिथे खरेदीदाराला आधार उरतो तो साठीतल्या मोफाचा आणि ग्राहक आयोगाचा. मोफा रद्द झालेला नाही, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

हल्ली टोकनला 'ईओआय' (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे नुसती इच्छा नोंदवणं) असं नवं नाव मिळालं आहे. 'प्री-लाँच आहे, चेक रिफंडेबल आहे, नोंदणी होतेच आहे' असं सेल्सवाला सांगतो. कायद्याच्या लेखी नोंदणीआधी बुकिंगसाठी नुसतं निमंत्रण देणंही चालत नाही, मग चेकवर नाव काहीही लिहा.