रेंज रोव्हर

रेंज रोव्हर : चारही चाकांना कायम चालना असलेली ब्रिटिश बनावटीची आलिशान मोटारगाडी. १७ जून १९७० रोजी ती लोकांपुढे आली. सध्या तिची पाचवी पिढी रस्त्यावर आहे. २००८ पासून तिची मालकी टाटा मोटर्सकडे आहे आणि २०२४ मध्ये पुण्याजवळच्या चिखली येथे तिच्या जोडणीचा निर्णय जाहीर झाला. आज ही गाडी म्हटले की शिवलेले चामडे आणि मागच्या आसनावरचे मालक डोळ्यांपुढे येतात. जन्माच्या वेळी मात्र तिच्या तळाशी गालिचा नव्हता, रबर होते. आसने व्हिनाइलची होती आणि शेतावरून आल्यावर आतून पाण्याची नळी मारावी, अशी तिची रचना होती. गाडीतून चिखल बाहेर जाऊन चामडे आत यायला बरीच वर्षे लागली.

जन्मकथा

रोव्हर कंपनीची लँड रोव्हर १९४८ ची. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होते, म्हणून तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा चढला. गाडी दणकट होती, पण पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या ताठ स्प्रिंगांवर) बसलेली. लांबच्या प्रवासात माणसाचे मणके ढिले करी. कंपनीच्या प्रवासी मोटारी उलट मऊ, पण डांबर संपले की त्यांचे कामही संपे. या दोहोंच्या मधले काहीतरी करावे म्हणून १९५० च्या दशकात ‘रोड रोव्हर’ नावाने प्रयोग झाले आणि सोडून दिले गेले. १९६० च्या दशकात चार्ल्स स्पेन्सर किंग (सगळे त्यांना ‘स्पेन’ म्हणत) आणि गॉर्डन बॅशफोर्ड या अभियंत्यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला. पुढच्या-मागच्या चाकांत १०० इंच अंतर, म्हणून प्रकल्पाचे नाव ‘शंभर इंची स्टेशन वॅगन’.

किंग यांनी पाटे काढून चारही कोपऱ्यांत लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंगा बसवल्या. त्या काळी जंगलात जाणाऱ्या गाडीला अशा मऊ स्प्रिंगा देणे म्हणजे पैलवानाला रेशमी जोडे देण्यासारखे वाटे. पण हिशेब पक्का होता. पाटा ओझे पेलतो, मात्र ताठ असतो. खड्ड्यावर चाक अधांतरी राहते आणि अधांतरी चाक गाडीला पुढे नेत नाही. मऊ, लांब स्प्रिंग चाकाला खड्ड्यात उतरू देते, त्यामुळे पकड टिकते. त्याच गुणामुळे आत बसलेल्याला दणका बसत नाही. आराम आणि चढाईची ताकद एकाच सुट्या भागातून आली, आणि या गाडीची खरी कल्पकता मला इथेच दिसते. पुढची पन्नास वर्षे त्यावरच उभी आहेत.

इंजिनाची गोष्ट तर रोव्हरच्या कारखान्याबाहेर सुरू होते. अमेरिकेच्या ब्युइकने बनवलेले आणि लवकरच सोडून दिलेले ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट यांना एका बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात पडलेले दिसले. १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. साडेतीन लिटरचे हे हलके इंजिन एवढे जोरकस होते की सगळी ताकद एकट्या मागच्या आसावर टाकायची तर तो आस फार जड करावा लागला असता. म्हणून ती चारही चाकांत कायमची वाटून दिली. वळताना पुढची आणि मागची चाके सारख्या वेगाने फिरत नाहीत. तो फरक जिरवायला मध्ये तिसरे डिफरन्शियल आले, आणि चिखलात ते लॉक करण्याची सोय झाली. चारही चाकांना डिस्क ब्रेकही पहिल्यापासून होते.

बाहेरचे रूपही बव्हंशी अभियंत्यांच्याच हातून उतरले. डेव्हिड बाश यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला. झाकणासारखे बॉनेट, भोवती काचा असल्याने तरंगल्यासारखे दिसणारे छत, वर-खाली दुभंगणारी डिकी. या खुणा आजच्या गाडीवरही ओळखू येतात. १९७१ मध्ये ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात औद्योगिक कलेचा नमुना म्हणून मांडली गेली. तिला फक्त दोन दारे होती, ही अडचण कलारसिकांना जाणवली नसावी.

लगेच पारख झाली. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश लष्कराचे जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला निघाल्या. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधले डॅरियनचे बिनरस्त्याचे दलदली जंगल पार करायला सुमारे १०० दिवस लागले. वाटेत डिफरन्शियल मोडले, पण मोहीम तडीस गेली. पॅरिस-डकार शर्यतीत मोटारींच्या गटात १९७९ आणि १९८१ साली हीच गाडी पहिली आली.

चामड्याकडे

मूळ गाडी एकाच रूपात १९९६ पर्यंत, म्हणजे जवळपास २६ वर्षे बनत राहिली. फियाट आणि ॲम्बेसेडर पाहिलेल्या पुणेकराला याचे नवल वाटू नये. मात्र तिचा आतला संसार बदलत गेला. १९८१ मध्ये चार दारे आली, पुढच्या वर्षी ऑटोमॅटिक गिअर. मग लाकडी पट्ट्या, गालिचे, वातानुकूलन. १९८७ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा ग्राहकच वेगळा निघाला. त्याच्याकडे मेंढ्या नव्हत्या, बंगला होता. १९९२ मध्ये चाकांमधले अंतर १०८ इंचांवर नेलेली लांब आवृत्ती हवेच्या सस्पेन्शनसह आली. स्प्रिंगेच्या जागी हवेची पिशवी, महामार्गावर गाडी खाली बसते, खडकांत उंच उठते.

दुसऱ्या पिढीबद्दल (१९९४) थोडक्यात सांगून पुढे जावे. चौकोनी दिवे आले, हवेचे सस्पेन्शन सरसकट आले, आणि विजेच्या बिघाडांची कुप्रसिद्धीही. तिसरी पिढी बीएमडब्ल्यूच्या मालकीत आखली गेली आणि २००१ च्या अखेरीस बाहेर आली तेव्हा कंपनी फोर्डकडे गेली होती. स्वतंत्र चासी जाऊन सांगाडा आणि चासी एकजीव झाली, सरळ आडव्या आसांच्या जागी प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आले. जुने शौकीन हळहळले. चासीशिवाय फोर बाय फोर ही कल्पनाच त्यांना मानवत नव्हती. चौथ्या पिढीत (२०१२) सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला आणि काही आवृत्त्यांचे वजन आधीपेक्षा ४२० किलोने उतरले. पाण्यातून जाण्याची खोली ९०० मिलिमीटर झाली. पुण्यात हा आकडा ऐटीत सांगितला जातो. खडकवासल्यातून पाणी सुटून भिडे पूल बुडतो तेव्हा मात्र पोलिसांचे अडथळे सगळ्या गाड्यांना सारखेच असतात.

२०२१ च्या पाचव्या पिढीत मागची चाकेही वळतात. ही चैन नाही, गरज आहे. १९७० ची गाडी ४.४७ मीटर लांब होती, आजची पाच मीटरांच्या पुढे आणि लांब आवृत्ती सव्वापाच मीटर. आपल्या टाटा हॅरिअरशेजारी पहिली रेंज रोव्हर उभी केली तर हॅरिअर मोठी दिसेल. शनिवार पेठेत जागा शोधणाऱ्याला यापुढचे सांगायला नको. किंग यांनी स्वतः उतारवयात, या गाड्या शहरात मुलांना शाळेत सोडायला वापरणे हा मूर्खपणा असल्याचे स्पष्टच सांगितले होते. ते २०१० मध्ये वारले.

पुण्याशी नाते

पिंपरीत अजूनही लोक ‘टेल्कोत कामाला आहे’ असेच म्हणतात, जरी कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले. १९६६ पासूनच्या या कारखान्याला एसयूव्ही नवी नाही. १९९१ ची तीन दारांची सिएरा आणि १९९८ ची सफारी याच परिसरातल्या. जून २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, तेव्हा ट्रक बनवणाऱ्याने राजवाडा घेतला अशी कुजबुज झाली. ती फार टिकली नाही.

नात्याची माणसे मात्र उलट्या क्रमाने घरी आली. २०११ मध्ये चिखलीत जोडणी सुरू झाली ती धाकट्या फ्रीलँडर २ ची. पुढे डिस्कव्हरी स्पोर्ट, इव्होक आणि वेलार आल्या. (‘वेलार’ हे १९६० च्या दशकात चाचणीच्या गाड्यांवर खरी ओळख लपवायला लावलेले नाव, २०१७ मध्ये ते उजळ माथ्याने परतले.) २०१९ मध्ये लँड रोव्हरच्या एका सांगाड्यावरून घडवलेली हॅरिअर पिंपरीतून बाहेर पडली. घराण्याची थोरली, खुद्द रेंज रोव्हर, शेवटी आली. मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जोडणी पुण्यात होईल आणि ५४ वर्षांत इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या मूळ कारखान्याबाहेर असे प्रथमच घडते आहे. चिखलाला भ्यायला लागलेली गाडी चिखलीत आली, एवढा विनोद पिंपरी-चिंचवडकराला माफ असावा.

येथे होते ती जोडणी. इंजिनासह मुख्य भाग परदेशातून येतात. कारण सरळ आहे. ४० हजार डॉलरपेक्षा महाग तयार मोटारीवर तेव्हा १०० टक्के सीमाशुल्क होते, सुट्या भागांवर त्याचा लहान हिस्सा. या एका फरकाने किमती १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. तरी स्पोर्टची शोरूम किंमत १ कोटी ४० लाखांच्या आसपास आणि मोठीची सव्वादोन कोटींच्या वरच राहिली. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारानुसार, ठरलेल्या संख्येपुरते तयार ब्रिटिश मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. ज्या शुल्कामुळे ही गाडी चिखलीत आली, ते शुल्कच त्यामुळे सैल होते आहे.