सुवर्णकणांची तांबूस रेघ
नॅनोतंत्रज्ञानावर आधारलेले जैवसंवेदक (रक्त, लघवी अशा नमुन्यांतील ठरावीक पदार्थ ओळखणारी साधने) अजून प्रयोगशाळेतच आहेत आणि त्यांची बाजारपेठ पुढे कधीतरी उभी राहील, हा बराच काळ फिरत असलेला समज वस्तुस्थितीला धरून नाही. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक गर्भधारणा चाचणीपट्ट्यांवर उमटणारी तांबूस रेघ म्हणजे प्रतिपिंडांचा (ठरावीक पदार्थालाच चिकटणाऱ्या प्रथिनांचा) लेप दिलेल्या, साधारण २० ते ४० नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांचा साचलेला थर असतो; इतक्या सूक्ष्म आकारात सोने पिवळे नव्हे, लाल दिसते. कोविडच्या पुष्कळशा जलद प्रतिजन चाचण्याही याच तत्त्वावर चालल्या. खरी अडचण निराळी आहे: रक्तातील इतर प्रथिने संवेदकाच्या पृष्ठभागाला चिकटून संकेत बिघडवतात, आणि कारखान्यातून निघणारी प्रत्येक तुकडी तितकीच अचूक ठेवणे खर्चिक ठरते, जे बाजाराचे फुगीर अंदाज मांडताना सहसा सांगितले जात नाही.