मेंढरं गाईंच्या आडोशाला कशी आली

गाई आणि मेंढ्या एकाच रानात सोडल्या की गाई आपोआप राखण करतात असं बरेच जण समजतात, पण तसं होत नाही. नुसतं एकत्र सोडलं तर गुरं एका टोकाला, मेंढरं दुसऱ्या टोकाला, आणि सकाळी कोकरू गायब.

अमेरिकेच्या पश्चिम भागात तर एकेकाळी ही दोन जनावरं एकत्र ठेवायचं कोणी मनातही आणलं नसतं, चराईवरून गुरंवाले आणि मेंढरंवाले यांच्यात खून पडायचे. १९०९ साली वायोमिंगमध्ये स्प्रिंग क्रीकला मेंढपाळांच्या तळावर रात्री हल्ला झाला, ३ माणसं मारली, गाड्या जाळल्या, मेंढरंही सोडली नाहीत.

मेंढरांचा दुसरा वैरी कायोटी, लांडग्याच्याच जातीचा पण त्याच्यापेक्षा लहान. त्याला वर्षानुवर्षं विष घालायचे आणि त्यात सरकारी माणसंही असायची. त्या विषाने गरुडासारखे पक्षीपण मरायला लागले. शेवटी फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असं विष वापरणं बंद केलं, मग मेंढपाळांनी करायचं काय? कोणी राखणीची मोठी कुत्री आणली, कोणी कुंपणं घातली.

न्यू मेक्सिकोत लास क्रुसेसजवळ १९१२ पासून होर्नाडा हे सरकारी चराई संशोधन केंद्र आहे. तिथे १९८० च्या दशकात डीन अँडरसन, क्लॅरेन्स ह्यूलेट या मंडळींनी लहान कोकरं कालवडींबरोबर साधारण २ महिने एकाच छोट्या आवारात कोंडून ठेवली. कोकरांना गाईंचा लळा लागला. मोकळ्या रानात सोडल्यावरही ती गाईंच्या मागे मागेच चरायची, आणि कुत्रं अंगावर आलं की थेट गाईंच्या घोळक्यात घुसायची. लळा नसलेली मेंढरं मात्र एकमेकांना चिकटून पळत सुटायची, आणि कायोटीला तेच पाहिजे असतं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की लळा एकतर्फी आहे, गाईला मेंढराचं काही पडलेलं नसतं, ती तिच्या सवयीने कुत्र्यावर शिंगं रोखते, लाथ झाडते, आणि आडोसा मेंढराला मिळतो. शिवाय मेंढरं गाईंना सोडून जात नाहीत म्हणून गुरांच्या साध्या तारेच्या कुंपणात भागतं, मेंढरांसाठी वेगळी जाळी लागत नाही. या मिश्र कळपाला तिकडे फ्लॉक आणि हर्ड जोडून फ्लर्ड म्हणतात, आपल्याकडे मेंढरांची खांड वेगळी नि गुरांचं खिल्लार वेगळं.

आपला वन्यजीव कायदाही १९७२ चाच, आणि लांडग्याला त्यात पूर्ण संरक्षण आहे. म्हणजे अडचण तीच, पण आपला धनगर एका जागी थांबत नाही, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, तिथे कालवडींबरोबर २ महिने कोकरं कोंडायची कुठे? म्हणून दिवस मावळला की रिकाम्या वावरात वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावायचं, मेंढरं आत घ्यायची, कुत्री बाहेर सोडायची आणि घोंगडी पांघरून एकाने जागं राहायचं, हेच अजून चालू आहे.