वाय-फाय जोडलेले आहे, पण इंटरनेट चालत नाही : लॅपटॉप दुकानात आणण्यापूर्वी

लॅपटॉपवर वाय-फायचे चिन्ह दिसते, परंतु एकही संकेतस्थळ उघडत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकांना आम्ही प्रथम एवढेच विचारतो, की त्याच वाय-फायवर घरातील मोबाइलला इंटरनेट मिळते का. ही तपासणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवावा. अन्यथा फोन सिमवरील डेटा वापरत राहतो आणि राउटर व्यवस्थित असल्याचा गैरसमज होतो.

वाय-फायचे चिन्ह केवळ लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील जोडणी दाखवते. राउटरच्या पुढची केबल तुटली, तरी वाय-फाय जोडलेलेच दिसते. त्यामुळे मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर लॅपटॉप आमच्याकडे आणण्यात अर्थ नाही. फायबरची जोडणी असल्यास राउटरवरील ‘एलओएस’ हा दिवा पाहावा. तो लाल असेल, तर फायबरमधून संकेत पोहोचत नाही आणि तक्रार इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडेच नोंदवावी लागते. काही भागांत गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हा घरातील राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण सोसायटीच्या जिन्यात किंवा गच्चीवर बसवलेल्या नेटवर्क स्विचला, म्हणजे घरोघरी इंटरनेटची जोडणी वाटणाऱ्या उपकरणाला, वीज मिळत नाही. त्या दिवशी वीज येईपर्यंत थांबणे, हाच उपाय.

मोबाइलला इंटरनेट मिळते आणि लॅपटॉपला मिळत नाही, असे आढळल्यास लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपला जातो, त्यामुळे बंद करून चालू करणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे येथे सारखे नाही. याच वेळी तारीख व वेळही पाहावी. जुन्या लॅपटॉपमधील सीमॉसची, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी संपली, की घड्याळ मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरून बँकेपासून ईमेलपर्यंत सारी संकेतस्थळे इशारा दाखवू लागतात.

त्यानंतर वाय-फायच्या गुणधर्मांत आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील लॅपटॉपचा क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी राउटर एकदा बंद करून चालू करावा, लॅपटॉपमधून ते वाय-फाय ‘फर्गेट’ करावे आणि पासवर्ड देऊन पुन्हा जोडावे. पत्ता योग्य असूनही पाने उघडत नसतील, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘पिंग’ (ping) लिहून त्यापुढे ८.८.८.८ हा क्रमांक द्यावा. उत्तर आले, तर इंटरनेट लॅपटॉपपर्यंत पोहोचले आहे आणि दोष बहुधा दोन ठिकाणी असतो : संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधणाऱ्या डीएनएसमध्ये, किंवा कार्यालयात अथवा महाविद्यालयात भरलेल्या आणि नंतर विसरलेल्या प्रॉक्सीच्या, म्हणजे इंटरनेट ज्यामार्फत घ्यायचे त्या मधल्या सर्व्हरच्या, नोंदीत. प्रॉक्सी बंद करावी, डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा क्रमांक हाताने भरता येतो. व्हीपीएन, म्हणजे सारी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, चालू असल्यास तो तपासणीपुरता बंद ठेवावा.

वसतिगृहात किंवा कॉफीच्या दुकानात प्रश्न निराळा असतो. तेथे जोडल्यानंतर लॉगिनचे पान भरावे लागते आणि ते आपोआप उघडले नाही, तर ‘नो इंटरनेट’ असा संदेश दिसत राहतो. विंडोज हा संदेश मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरील एक लहानशी फाइल मिळते की नाही, यावरून ठरवते. म्हणून इंटरनेट चालू असतानाही तो कधीकधी दिसतो. ब्राउझर नीट चालत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

एवढे करूनही अडचण राहिली, तर सेटिंग्जमधील ‘नेटवर्क रीसेट’ वापरता येते, मात्र त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. केवळ या तक्रारीसाठी लॅपटॉप फॉरमॅट करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो आमच्या मते घाईचा आहे.

शेवटी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तेथे इंटरनेट चालले, तर लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड बिघडलेले नाही आणि लक्ष राउटरकडेच द्यावे. हॉटस्पॉटवरही चालले नाही, तर लॅपटॉप चार्जरसह दुकानात आणावा आणि वरीलपैकी काय काय करून पाहिले, ते सांगावे. लॅपटॉप कंपनीने दिलेला असल्यास प्रॉक्सी, डीएनएस व व्हीपीएन यांना हात लावण्यापूर्वी तेथील आयटी विभागाची परवानगी घ्यावी. त्या परवानगीशिवाय आम्हीही असे लॅपटॉप उघडत नाही.