लहान वन्य सस्तन प्राण्यांचे वावरक्षेत्र आणि विश्रांतिस्थाने

उंदीर, खारी, डॉरमाउस (झाडाझुडपांत राहणारा उंदरासारखा प्राणी), पॉसम (झाडांवर राहणारा, पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी), मार्टेन (मुंगसाएवढा शिकारी प्राणी) असे लहान वन्य प्राणी अन्न, जोडीदार आणि पिलांचे संगोपन यांसाठी नेहमी जेवढ्या भागात फिरतात, ते त्यांचे वावरक्षेत्र. ही कल्पना अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हेन्री बर्ट यांनी १९४३ मध्ये स्पष्ट मांडली. क्वचित दूर मारलेली फेरी त्यांनी त्यात धरली नाही. वावरक्षेत्रातला जो भाग प्राणी स्वजातीयांपासून राखतो, तेवढीच त्याची हद्द. या दोहोंची गल्लत अजूनही होते.

वावरक्षेत्र मोजताना रेडिओ कॉलरने (प्राण्याच्या गळ्यात बांधलेल्या, त्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्याने) मिळालेल्या नोंदींपैकी कडेचे बिंदू जोडले की नकाशावर बहुभुज उमटतो. तो फसवा असतो, कारण प्राण्याने कधी पाऊलही न ठेवलेली जागा त्यात येते. बऱ्याच जातींत नराचे क्षेत्र मादीपेक्षा मोठे असते आणि अनेक माद्यांच्या क्षेत्रांवर पसरलेले असते.

दिवसाचा मोठा भाग मात्र हे प्राणी झोपून काढतात, म्हणून निजण्याची जागा गौण मानून चालत नाही. लहान शरीरातून उष्णता झपाट्याने जाते. ढोली, बीळ किंवा विणलेले घरटे ती राखते. तोंड अरुंद असेल तर मोठा शिकारी आत शिरू शकत नाही. तरीही ऊब नेहमीच हवी असते असे नाही. हेझल डॉरमाउस उन्हाळ्यात झुडपांत घरटे विणतो, पण शीतनिद्रेसाठी जमिनीवर पालापाचोळ्यात उतरतो. तिथला गारवा स्थिर असल्याने साठवलेली चरबी पुरते. बर्फाळ प्रदेशातला अमेरिकन मार्टेन कडाक्याच्या थंडीत बर्फाखाली, पडलेल्या ओंडक्यांच्या पोकळीत शिरतो.

एकच जागा कायम वापरणारे प्राणी थोडे. पिसवा वाढल्या, शिकाऱ्याला वास लागला किंवा चरण्याची जागा सरकली, की मुक्काम हलतो. त्यामुळे एका प्राण्याला एक ढोली पुरत नाही.

ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाहीत. ढोल्या बुरशी, वाळवी आणि वणव्यामुळे घडतात. निलगिरीच्या झाडाला पॉसमजोगी ढोली पडायला बहुधा शंभराहून अधिक वर्षे लागतात. म्हणून नव्या वाढीच्या जंगलात अन्न असूनही लेडबीटर पॉसमला राहायला जागा मिळत नाही. लाकडी पेट्या टांगून ही उणीव काही प्रमाणात भरता येते, पण पातळ फळ्यांची पेटी जाड खोडाच्या ढोलीपेक्षा उन्हात लवकर तापते.